त्या विहिरीचं पाणी

आई, आपल्या जुन्या विहिरीवर सोमवारी दगड उभा राहिला. म्हणजे स्मारक, पण मोहल्ल्यात सगळे दगडच म्हणतात. "पत्थर का उद्घाटन है मौसी, आना जरूर," असं मला बाजारात दोघीतिघींनी सांगितलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की भैरवगढचा रस्ता आता तुला ओळखूच यायचा नाही. विहीर मात्र तिथेच आहे. गाळ उपसून साफ केलीय, कठडा नवा बांधलाय, कप्पी लावून दोरही घातलाय. दगडावर नाव कुणाचंच नाही. ज्या बायांना इथे हात लावायची मनाई होती त्यांनी आपल्या हातांनी पाणी काढलं, एवढंच हिंदीत कोरलंय. मला ते बरं वाटलं. नाव घातलं असतं तर तूच म्हणाली असतीस, बाकीच्या काय गंमत बघायला उभ्या होत्या का.

पण सोमवार उजाडेपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हती, ते आधी सांगते. सूनबाईने मला मोबाइलवर कार्यक्रमाचं बॅनर दाखवलं. त्यावर चित्र होतं: एक बाई खाली वाकून ओंजळ धरून बसलीय आणि वरून कुणाचा तरी हात लोट्याने पाणी ओततोय. "किती छान आहे ना आई?" सूनबाई म्हणाली. मी हो म्हटलं आणि तांदूळ निवडायला बसले. निवडलेले तांदूळ परत निवडले. तसलंच चित्र दगडात कोरलं असेल तर काय, हे डोक्यातून जाईना. आज ना उद्या मी जाईन, माझ्यानंतर सांगणारं कुणी उरणार नाही, आणि पोरंबाळं बघून म्हणतील, ही बघा बिचारी, हिला पाणी दिलं. तुझं सगळं केलंसवरलं त्या एका ओंजळीत वाहून जाईल. सांगणार तरी कुणाला? स्मारकाच्या समितीवर वकील, रिटायर साहेब लोक. मी मॅट्रिक, त्यातून घरात बसणारी. महाकालाच्या पायरीवर जाऊन सांगून आले, दुसरीकडे कुठे बोलले नाही.

तो काळ मला आजही समोर दिसतो. मी परकर नेसते, अजून शाळेत घातलेलं नाही. तू छपाईच्या कारखान्यात कापड धुवायला जातेस, तुझे हात कोपरापर्यंत लाल असतात, चुलीपुढे बसतेस तेव्हा भाकरीच्या पिठालाही रंग लागेल असं मला वाटतं. संध्याकाळी आपण विहिरीवर जातो आणि निंबाखाली घागरी मांडून उभ्या राहतो. वरच्या गल्लीतल्या बायकांचं भरून झालं आणि कुणाच्या मनात आलं तर ती लांबूनच आपल्या घागरीत ओतते. प्यायचं असेल तर ओंजळ धरायची. एका उन्हाळ्यात तू निंबाखाली उभीच राहत नाहीस. पदर खोचतेस, कठड्याला पाय लावतेस आणि आपली बाल्टी आत सोडतेस. कुणी शिव्या देतं, कुणी दोर ओढतं, बाल्टी दगडावर आपटून लांब गडगडत जाते. तू ती उचलतेस, माझा हात धरतेस आणि घरी येतेस. दुसऱ्या दिवशी तीच पोचे पडलेली बाल्टी घेऊन परत जातेस.

बाबा रेल्वेत गँगमन, भित्रा माणूस. "गाव आपलं नाही, भाषा आपली नाही," ते म्हणाले. "इथे भांडण कशाला काढतेस?" तू म्हणालीस, "भांडत नाहीये. पाणी भरतेय." त्यानंतर तुझ्या मागे आपल्या बस्तीतल्या बाया यायला लागल्या, एकेक करून. कारखान्याच्या मालकाने तुझं काम थांबवलं, पोलीस आले, पंच बसले, सगळं झालं. पाऊस लागेपर्यंत सगळ्यांच्या बाल्ट्या एकाच विहिरीत जात होत्या. पुढे आपल्या घरात नळ आला, तरी रोज एक घागर तू तिथूनच आणायचीस. नळाचं पाणी अळणी लागतं म्हणायचीस. साऱ्या उज्जैनमध्ये त्या विहिरीसारखं गोड पाणी नाही, हे तुझं वाक्य आम्ही इतकं ऐकलं की बाबा हसून म्हणायचे, साखर टाकून येतेस का गं?

मी मॅट्रिकला असताना फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळ मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले होते. तिच्या आजीने मला पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. मी प्याले आणि घरी येऊन सहज बोलून गेले. तू भाजी चिरत होतीस. विळी आडवी केलीस आणि म्हणालीस, "तहान लागली तर घरी यायचं. ओंजळ फक्त देवापुढे धरायची." ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मी विसरले असते. लग्नात तू मला साडी हलकी दिलीस आणि पितळी तांब्या जड दिलास. सासूबाई म्हणाल्या, उलटं हवं होतं. तो तांब्या अजून रोज घासते, अजून पोचा नाही. देवळात तीर्थ घेताना मी ओंजळ धरते, आणि दर वेळी तुझं वाक्य आठवतं, की इथे चालतं.

सोमवारी तोच तांब्या पिशवीत घेतला, झेंडूचा हार घेतला, आणि नानाखेड्याहून सहा जणांच्या ई-रिक्षात दाटीवाटीने बसून गेले. (हाराचा खर्च घरच्या हिशेबाच्या वहीत कुठे मांडायचा याचा घोळ झाला. शेवटी देवधर्मात मांडला.) ढोल होते, बँड होता, शाळेच्या पोरी रांगेत, पोहे-जलेबीच्या कढया, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ते बॅनर. मी त्याच्याकडे पाठ करून बसले. भाषणं संपेनात. मग पडदा सरकवला आणि मी डोळे मिटून घेतले. शेजारी वरच्या गल्लीतली जुनी म्हातारी बसली होती, दात एक नाही, कान शाबूत. तिने मला कोपराने ढोसलं. "देख तो सही. तेरी माँ तो सूखी लकड़ी थी, यहाँ तो खाते-पीते घर की बना दी."

मी डोळे उघडले. आई, दगडातली बाई उभी आहे. पदर खोचलेला, एक पाय कठड्यावर, दोन्ही हातांत दोर, आणि मान वर. पायाशी बाल्टी, आणि बाल्टीला पोचा. तो पोचा त्यांना कुणी सांगितला, म्हणून मी विचारलं. म्हातारी म्हणाली, "मैंने. फेंकी तो मेरी सास ने थी, मैं तो देख रही थी." बॅनरवाल्याने म्हणे चित्र कुठून तरी उचललं होतं, दगडाशी त्याचा संबंधच नव्हता. मला हसूही आलं आणि भूकही लागली, उपास असून.

मग जुन्या घरची म्हणून मला पहिली बाल्टी काढायला बोलावलं. दोर हाताला काचला, पण आली वर. समितीतली एक मुलगी, गोड पोर, हौसेने लोटा भरून माझ्यापुढे आली आणि म्हणाली, "मौसी, हाथ आगे करो, पहला घूँट आपका." लोटा तिने वर धरला होता. सगळे मोबाइल आमच्याकडे वळलेले. तिला काही माहीत नव्हतं, प्याऊवर, म्हणजे पाणपोईवर, असंच देतात, तसंच ती देत होती. माझे हात सवयीने पुढे निघाले होते. मी ते मागे घेतले, पिशवीतून तांब्या काढला आणि म्हटलं, "बेटा, ऐसे नहीं. यहाँ अपने हाथ से लेते हैं." बाल्टीत तांब्या बुडवला, भरला, आणि उभ्या उभ्या प्याले. मुलीने लोटा खाली ठेवला आणि म्हणाली, "तो मैं भी." तीही तशीच प्याली. मागे रांग लागली, वरच्या गल्लीच्या, खालच्या गल्लीच्या, कोण कुठली ते मला तरी ओळखू आलं नाही. म्हातारीला मीच भरून दिलं, तिच्या हातात तांब्या देऊन.

बाल्टीत उरलेलं पाणी तांब्यातून घरी आणलं आणि तुळशीला घातलं. त्या रात्री गाढ झोप लागली, सूनबाईने हलवून उठवलं तेव्हा देवपूजेची वेळ टळून गेली होती.

हा कागद कुठे जाणार नाही, देवघरातल्या कापडाखाली राहील, म्हणून इथे खरं लिहिते. पाणी मचूळ आहे गं, आई. चांगलंच मचूळ. गाळ काढल्यामुळे असेल म्हणून म्हातारीला हळूच विचारलं, तर म्हणाली, पहले से ऐसा ही है. माझा तांब्या रिकामा झाला तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. कुणीतरी विचारलं, "कैसा है मौसी?" सोमवारचा उपास होता माझा, समोर महाकालाच्या शिखराची दिशा होती. तरी म्हणाले, "मीठा है. पूरे उज्जैन में ऐसा नहीं."