आतला माणूस

सोमवार, ता. ३
देवाच्या कृपेने सुखरूप पोहोचलो. होड्यांच्या कारखान्याच्या माडीवरच खोली मिळाली. खिडकीखाली धक्का, सगळीकडे भुश्शाचा आणि डांबराचा वास. कारखाना शंभर वर्षांचा, पण काम अजून चालू. इथली सर्वांत जुनी होडी दुरुस्त करून पुन्हा पाण्यात सोडायचं गावातल्या लोकांनी मनावर घेतलंय, म्हणून मला सुतारकामाला बोलावलं. मोठ्या मिस्त्रींच्या पत्नीने, वहिनींनी, माझ्या अंगकाठीकडे पाहून विचारलं, फळी तुम्ही उचलणार की फळी तुम्हाला? सगळे हसले, मीही हसलो. एकोणपन्नासाव्या वर्षी नव्या जागी थट्टासुद्धा आपुलकीची वाटते.

बुधवार, ता. ५
मला आतलं काम दिलं. मी होडीच्या पोटात बसायचं. फळ्यांच्या फटीतून उजेड दिसला की तिथे मोगरीने दोनदा ठोकायचं. बाहेरून मिस्त्री त्या जागी ताग ठासून डांबर लावतात. काम साधं, पण मिस्त्रींचं एकच पालुपद: डावरा असता तर ही बाजू कधीच झाली असती. डावरा म्हणजे माझ्या आधीचा, डावखुरा. तो कुठे गेला, असं विचारलं. मिस्त्री म्हणाले, “जातोय कुठे! आमचा आतला माणूस तो.”

रविवार, ता. ९
आज गावातली म्हातारी माणसं आठवणी सांगायला जमली. छपरीत जुनी हत्यारं टांगून प्रत्येकाखाली चिठ्ठी लावली. शिडं शिवणाऱ्या मावशी तासभर बोलल्या, त्यातला पाऊण तास डावऱ्यावर. त्याच्या हाताला तोड नाही म्हणे. मला सगळे ‘पाहुणे’ म्हणतात. पाहुणे, चहा घ्या. पाहुणे, जरा सरका.
जपाला बसलो. मणी पुढे सरकत होते, मन डावऱ्यापाशी अडलेलं. डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसाचा हेवा! शाळेत गुरुजी म्हणायचे तेच खरं, कळतं पण वळत नाही.

मंगळवार, ता. ११
पाप केलं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर छपरीत गेलो. डावऱ्याच्या मोगरीखाली एकच शब्द होता: आतला. ती चिठ्ठी चुरगळून पाण्यात टाकली, मोगरी घेतली. मूठ झिजलेली, उजव्या हातात बसेना. डाव्यात धरली, तर जणू माझ्याच मापाची.
संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, आज हात चालला हं, पाहुणे. दोन घास जास्त जेवलो.

गुरुवार, ता. १३
मी न दाखवलेल्या फटीही बुजल्या आहेत. मिस्त्री म्हणतात, तुम्हीच तर ठोकलंत.
अंघोळ करताना भिंतीवर टक टक ऐकलं. डावा हात ठोकत होता. माझाच.

शनिवार, ता. १५
मोगरी परत टांगायला गेलो. बोटं सुटेनात. मागे वहिनी उभ्या होत्या, आज हसल्या नाहीत. म्हणाल्या, डावऱ्यानेही आधीच्याची चिठ्ठी अशीच काढली होती. मग तो आहे कुठे, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, त्याला बाहेर आलेलं कुणी पाहिलंय?
निघून जावं. पिशवी भरली.
मग मिस्त्री सांगत आले, उद्या नवा सुतार येतोय, पुढच्या टोकाचा कप्पा तोच करील. फार चांगला हात आहे म्हणे.
पिशवी रिकामी केली.

रविवार, ता. १६
नवा यायच्या आत कप्प्यात शिरलो. फटी नीट दिसाव्यात म्हणून झडप मीच ओढून घेतली. चार फटी. पहिली मी दाखवली. दुसरी, तिसरी मी नाही —

झडप होती तिथे सलग फळी लागते. सांधासुद्धा नाही.

हाका मारल्या. बाहेर मिस्त्री कुणाला तरी सांगताहेत, ऐका, याला म्हणतात हात —

चौथ्या फटीच्या उजेडात लिहितो आहे. ही दाखवणार नाही. देवा, मला पाहुणाच राहू दे. उजव्या हातात पेन आहे. डावा मांडीखाली दाबून —

सुटला —

टक टक. मिस्त्री म्हणाले, “शाब्बास! आता झालात आमचे आतले.” उजेड अर्धा — माझ्या शेजारी कुणीतरी सरकून जागा कर