सागवानी फळीवरचे रिले

तीर्थस्वरूप मामा यांस,

साष्टांग नमस्कार. (कमरेमुळे आठांपैकी सध्या तीनच अंगं वाकतात. बाकीची मनाने वाकली असं धरून आशीर्वाद मात्र पुरा द्यावा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींची साखर आटोक्यात आहे ना? इकडे मी, तुमची भाची आणि बोटीवरची वायरमनकी सोडताना तुम्ही आम्हाला देऊन टाकलेली ती जुनी गाडी, असे आम्ही तिघं मजेत आहोत. त्यातही गाडी जरा जास्तच मजेत आहे, कारण ती शेडमध्ये नुसती उभी आहे आणि राबतोय मी.

आता मूळ मुद्दा. तुमची भाची या वयात गाडी शिकली, तीही फक्त याच गाडीवर, आणि लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, हे तुम्हाला कळलंच असेल. तिची दोन्ही वेळा काडीचीही चूक नव्हती. पहिल्या वेळी तिने उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि गाडीतला दिवा न् दिवा गेला. दुसऱ्या वेळी हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना, तेव्हा परीक्षकसाहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवून नापास असं लिहिलं. (हात कानांवर असताना लिहिलं कसं, हे मलाही कोडंच आहे.) घरी आल्यावर तिने किल्ली खिळ्याला अडकवली आणि चहा टाकला. ती खिळ्याला टांगलेली किल्ली मला फार लागली, मामा. तिसरी परीक्षा येत्या सोमवारी आहे. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की गाडीची नखशिखांत वायरिंग मी स्वतः नवी करणार. ती म्हणाली, अहो, तुम्ही फर्निचरवाले. मी म्हणालो, कपाट काय आणि गाडी काय, आतले कप्पे नीट पाडले की झालं.

जुन्या वायरी सोडवताना त्यांचं कापडी वेष्टन भुगा होऊन हातात आलं, तेव्हाच समजलो की वेळेवर हात घातला. मग सुट्या भागांच्या दुकानात गेलो. रिले म्हणजे काय हे तुम्हाला सांगणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं, पण मला नुकतंच कळलंय म्हणून राहवत नाही. दिव्यांचा सगळा भार बिचाऱ्या बटणावर टाकला की ते तापतं. म्हणून बटणाने नुसतं 'अरे, जरा दिवे लाव' म्हणायचं आणि हमाली रिलेने करायची. (आमच्या कारखान्यातही हीच पद्धत आहे. बटण मी.) दुकानदाराने बजावलं की रिले इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्यावर बसवा, पाणी साठू नये म्हणून पिनांचं तोंड खाली ठेवा, आणि इंजिनाच्या धगीपासून लांब. यातलं सगळं मी तंतोतंत पाळलं, पत्रा तेवढा सोडून. आमच्या घराण्यात आजवर कोणी उघड्या पत्र्यावर स्क्रू पिळलेला नाही. मी अस्सल सागवानाची फळी घेतली, कडा गोल मारल्या, हादरे बसू नयेत म्हणून खाली रबराच्या चकत्या दिल्या, तिच्यावर रिले ओळीने बसवले आणि फ्यूजच्या डबीला बिजागरीचं छोटंसं दार केलं. वायर सगळी चॉकलेटी घेतली, सागवानाला शोभणारी. दुकानदार सारखा वेगवेगळे रंग घ्या म्हणत होता. मी त्याला शांतपणे विचारलं की घरातल्या कपाटाचा प्रत्येक खण वेगळ्या रंगाचा चालेल का. त्यावर त्याने चॉकलेटी वायरीचं अख्खं भेंडोळं काढून दिलं.

राहिलं अर्थिंग. दिवे, हॉर्न, वायपर, सगळ्यांच्या परतीच्या वायरी मी फळीवरच्या एका पितळी बोल्टला आणून बांधल्या आणि बोल्ट घासून लख्ख केला. करंट आपली कामं उरकून इथे येतो आणि विसावतो, अशी माझी समजूत होती. तुमच्या भाचीला सीटवर बसवलं आणि मी बॉनेटपाशी उभा राहिलो. तिने हॉर्न दाबला. वायपर हलले. तिने वायपरचं बटण ओढलं, तर डावा इंडिकेटर मिणमिणला आणि हॉर्न, मघाचं काम राहून गेलं म्हणून की काय, बारीक आवाजात कण्हला. दिवे लावले तर सगळे रिले एकदम टकटकायला लागले. (फळी सागवानी, त्यामुळे आवाज काय सुरेख घुमला म्हणून सांगू.) मी हसत सुटलो, तीही हसायला लागली, हसता हसता तिचं कोपर हॉर्नवर पडलं, वायपर पुन्हा हलले, आणि समोरच्या दंतवैद्यबाई फाटकात येऊन विचारू लागल्या की कुणाला काही लागलंय का. त्यांच्यामागे त्यांचा पेशंटही आला होता, गळ्यातल्या कागदी लाळेऱ्यासकट.

हसू ओसरल्यावर तुमची भाची म्हणाली, "अहो, लाकडातून वीज जाते का हो?" मी म्हणालो, छे, म्हणून तर लाकूड. "मग या बोल्टावरून ती परत बॅटरीकडे जाते कशी?" मी वाकून फळीखाली पाहिलं. गाडीचा पत्रा हीच करंटची परतीची वाट, आणि मी तर फळीला रबर लावून त्या पत्र्यापासून सोवळं ठेवलं होतं. लगेच पत्र्यावरचा रंग खरवडला आणि बोल्टापासून तिथपर्यंत एक जाड वायर टाकली. हॉर्न दाबला, हॉर्न वाजला. वायपरचं बटण ओढलं, वायपर हलले. मी शेडमध्ये अक्षरशः नाचलो. (वर कमरेचं लिहिलंय ते याच नाचापायी.)

तात्पर्य, काम फत्ते झालं आहे. सोमवारी नापास होण्यासाठी गाडीकडे आता काही कारण उरलेलं नाही. मामींना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक (दुकानदाराने काहीही सांगितलं तरी),
भाचेजावई

ता. क. फत्ते म्हणजे फळी फत्ते. नाचून झाल्यावर वाटलं, एवढं देखणं काम आणि पॉलिशचा शेवटचा हात तेवढा राहिलाय. म्हणून सगळ्या वायरी सोडवून ओळीने ठेवल्या, कुठली कुठे जाते ते फळीच्या पाठीवर पेनने लिहिलं आणि पॉलिश केलं. पाठीलाही केलं. पाठ कोरी सोडायची नाही, ही आमची पद्धत. स्पिरिटच्या पहिल्याच हाताला शाई गेली, आणि ओळही माझ्याच पायात येऊन विस्कटली. आता चॉकलेटी वायरींचा एक मोठा गुंता आहे आणि फळी आरशासारखी चमकते आहे. शनिवारी सहज म्हणून आलात तर बरं होईल. टेस्टर सहज खिशात असू द्या.

ता. क. दुसरा. तुमच्या भाचीला यातलं काही माहीत नाही. पॉलिश वाळतंय म्हणून गाडीवर ताडपत्री टाकली आहे, असं तिला सांगितलंय. पत्र टपालात टाकायला तिच्याकडेच देतोय, पण लिफाफा सुतारकामाचा चांगला सरस लावून चिकटवला आहे.

मामा, इथून पुढचं अक्षर माझं. सरस वाफेवर उकलतो, हे मला यांनीच शिकवलंय. सोमवारची तारीख मी अलीकडे घेतली आणि परवा दंतवैद्यबाईंच्या गाडीवर परीक्षा देऊन आले. पास झाले. हॉर्न दाबला आणि वायपर हलले नाहीत, तेव्हा तेवढी दचकले. पास झाल्याचा कागद पिठाच्या डब्याखाली आहे. आल्या आल्या सांगायला शेडमध्ये गेले, तर हे त्या फळीच्या पाठीला पॉलिश करत बसले होते, गुणगुणत. म्हटलं, पाठ कोण बघणार आहे? तर म्हणाले, कोणी नाही, पण गाडी तू चालवणार ना. मग माझ्याच्याने काही सांगवलं नाही. तुम्ही शनिवारी नक्की या, पण टेस्टर बाहेर काढू नका. यांचा हात चुकीच्या वायरीकडे गेला की नुसतं खोकायचं. परीक्षेला मला कुणाचीही गाडी चालली, मामा. सोमवारी यांना शेजारी बसवून न्यायचंय, ती गाडी मला यांच्याच हातची हवी आहे.