बारावा भाग कपाटात नाही

८ एप्रिल, सोमवार
आजपासून निर्धार: गावाला चांगलं वाचायला लावायचं. ईस्टर तोंडावर आला. आता अख्खा नॉर्वे डोंगरातल्या लाकडी घरांत जाऊन, संत्री सोलत, खुनाच्या कादंबऱ्या वाचणार. दुधाच्या खोक्यावरसुद्धा खुनाची गोष्ट छापलीय. सकाळी बाबांनी ती बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली. तेराव्या वर्षापर्यंत बाबांनीच मला घरी शिकवलं. लेखक मेल्याशिवाय त्याचं पुस्तक आमच्या घरात येत नाही.
मी काम करते त्या वाचनालयात खुनाच्या एका कादंबरीमालिकेचा बारावा भाग आला. गावात एकच प्रत. मी ती माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. लपवली नाही, ठेवली.

९ एप्रिल
ओडलौगबाई आल्या. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात. अकरा भाग वाचून झालेत. पाद्र्याच्या बायकोला कोणी मारलं ते अकराव्यात सांगितलेलं नाही, तेव्हापासून जिवाला चैन नाही म्हणाल्या.
"आला का गं बारावा?"
मी म्हटलं, "कपाटात नाही." हे शब्दशः खरं आहे. घरी येऊन दोनदा तपासलं. वाक्यात खोट नाही.
असलं का वाचता, असं नम्रपणे विचारलं. म्हणाल्या, "आमचे हे अठ्ठ्याहत्तर साली बोट घेऊन गेले ते गेलेच. काय झालं ते कोणी सांगितलं नाही. समुद्र काय सांगणार? या पुस्तकांत शेवटी कोणीतरी सगळ्यांना एका खोलीत बसवतं आणि सांगतं."
वाचनामागे इतकं उथळ कारण! बाईंना मदतीची गरज आहे.

१० एप्रिल
ज्याला विरोध करायचा ते माहीत हवं. म्हणून बारावा भाग तपासायला घेतला. हातात पेन्सिल. रोज तीस पानं, जास्त नाही.
आज एकशे चाळीस झाली. भाषा इतकी सुमार की नजर घसरत जाते.

११ एप्रिल
संपला. पानं चारशे बारा. बटाटे करपले. ३८८व्या पानावर डोळ्यांतून पाणी आलं. छपाई बारीक आहे.
आता कपाटात ठेवावा का? खूप विचार केला. अपाय स्वतः पाहिल्यावर ते पुस्तक लोकांच्या हातात देणं बेजबाबदारपणाचं होईल. खणातच बरं.

१२ एप्रिल
नवी योजना. वीस चांगल्या कादंबऱ्या पिवळ्या कागदात बांधल्या, वर सुतळी. डोंगरावर पोचल्यावरच उघडायच्या. आमच्या मुख्य ग्रंथपाल बेरित एकदम खूश. "वा, टोरुन! तुला पहिल्यांदाच काहीतरी गमतीचं सुचलं." आत खून आहेत असं त्यांना वाटतंय. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
प्रत्येक पुडक्यावर लिहिलं, 'यात एक मृत्यू आहे.' प्रत्येक पुस्तक तपासून लिहिलं. एकात फक्त घोडा मरतो. ते काढून टाकलं.
आता एकोणीस.

१५ एप्रिल, सोमवार
ओडलौगबाईंचा मुलगा आर्वे आला. नळाची कामं करतो. आईला शहरातल्या इस्पितळात नेलंय, बुधवारी हृदयाचं ऑपरेशन. "बारावा आलाय का? ऑपरेशनचं काही नाही तिला, पाद्र्याच्या बायकोचं टेन्शन आहे."
खण माझ्या गुडघ्याला लागत होता. म्हटलं, "कपाटात नाही." मग स्वतः निवडून एक पुडकं दिलं, त्यातलं सर्वोत्तम. एक माणूस खिडकीशी बसून बालपण आठवतो. सहाशे पानं. पाचशे चाळिसाव्या पानावर आजोबा न्यूमोनियाने जातात.
आर्वेने हातात तोलून पाहिलं. "विटेसारखं आहे की!" पण घेऊन गेला. ओडलौगबाईंचा हेवा वाटला. पहिल्यांदा वाचणार त्या.

१७ एप्रिल, सकाळी १०.४०
इस्पितळातून ओडलौगबाईंचा फोन. "पोरी, अडीचशे पानं झाली. हा बाबा खिडकीतून उठणार कधी?" म्हटलं, धीर धरा. "चाळीस वर्षं मासे साफ केलेत मी. पोटात काही आहे की नाही ते हाताला कळतं."
मग आवाज खाली आला. "दोन वाजता नेणारेत मला. कोणी बारावा वाचला असेल तर एवढंच विचारून सांग. ऑर्गन वाजवणारा होता ना तो? हो की नाही, तेवढंच."
मला उत्तर माहीत होतं. पण शेवट आधी सांगणं म्हणजे वाचकाला लुटणं. बाबांनी शिकवलेली पहिली गोष्ट ही. मी म्हटलं, "वाट पाहण्यातच वाचनाचा आनंद असतो, ओडलौगबाई."
त्या म्हणाल्या, "बरं."
त्यांना पटलं असावं. आज प्रथमच मी कुणाला काहीतरी खरं दिलं. बारा वाजता वाचनालय सुट्टीसाठी बंद केलं.

२३ एप्रिल, मंगळवार
वाचनालय उघडलं. बेरितनी सांगितलं, ओडलौगबाई शुद्धीवर आल्याच नाहीत. शुक्रवारी गेल्या.
वाईट वाटलं. पण शेवटी त्यांच्या हातात साहित्य होतं. अडीचशे पानं. कित्येकांच्या वाट्याला तेवढीही येत नाहीत.

२६ एप्रिल
दफन झालं. नंतर चर्चशेजारच्या सभागृहात कॉफी आणि पाव. आर्वे उभा राहून बोलला. आईने म्हणे अख्ख्या वॉर्डात पैजा लावल्या होत्या. चौघी ऑर्गनवाल्याच्या बाजूने, एक नर्स खुद्द पाद्र्याच्या. "आईचा ऑर्गनवाल्यावरच संशय. बरोबरच असणार. ती कधी चुकायची नाही." सगळे हसले, रडले, माना डोलावल्या.
इतक्या लोकांसमोर चुकीची गोष्ट. मला राहवेना. म्हटलं, "नाही. ऑर्गनवाल्याची बहीण. दोनशे नव्वदाव्या पानावरच कळतं, हातमोजा उलटा असतो."
बेरितनी कप खाली ठेवला. "कुठली प्रत वाचलीस?"
म्हटलं, खणातली. मी खोटं बोलत नाही.
आर्वेने विचारलं, "कधीपासून होती खणात?"
"आठ तारखेपासून." तारीखही बरोबर सांगितली.

२९ एप्रिल, सोमवार
आजपासून घरी. किल्ल्या बेरितनी काढून घेतल्या. पत्र येईल म्हणाल्या.
रात्रीच्या जेवणाला मासा आणि बटाटे. बाबांना सगळं सांगितलं, तारीखवार. म्हणाले, तत्त्व म्हणून तुझं बरोबरच होतं. मग ताटातून वर न बघता त्यांनी विचारलं, त्या बहिणीने मारलं कशासाठी?
मी लगेच सांगितलं.
त्यांनी आणखी एक बटाटा घेतला.