शंभूच्या नावाचं सर्टिफिकेट

हडपसर, मंगळवार

आदरणीय सुखदेवमामांना भाचा प्रज्ञेशचा जय भीम.

पुलगावात सगळे बरे ना? तुमचा गुडघा काय म्हणतो, मामी कशा आहेत, तुमचा पोरगा ऋषी अजून अकरालाच उठतो का? (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहून फोटो पाठवतोय.)

मामा, तुम्ही ओळखीनं चिकटवलेल्या दवाखान्यात मला वर्ष झालं. पगार नऊ हजार. त्यात मी केसपेपर काढतो, बीपी बघतो, ड्रेसिंग करतो, फरशी पुसतो आणि डॉक्टरांच्या सासूबाईंचा सिलेंडर वर नेतो (तिसरा मजला, लिफ्ट नाही, सूचना भरपूर). एवढं करून डॉक्टर मला शंभू म्हणतात. शंभू माझ्या आधी होता. पोरगं बदललं म्हणून नाव कोण पाठ करत बसणार.

आता एका मोठ्या हॉस्पिटलात मला वॉर्डात घेतायत. सोळा हजार, पीएफ, एक वेळ जेवण, आणि कुणाची सासू नाही. सोमवारी हजर व्हायचंय, फक्त अनुभवाचं सर्टिफिकेट पाहिजे. डॉक्टरांनी न वाचता सही केली. शंभूच्या नावावर. चार दिवस मागे लागलो, पण हे पेशंट सोडून कुणाचं ऐकतच नाहीत. शेवटी काल मास्क लावला आणि टोकन काढलं. अठरा नंबर. नंबर पुकारणारा मीच, म्हणून स्वतःलाच हाक मारून आत गेलो. डॉक्टरांनी मान वर न करता दंडाला पट्टा बांधला. बीपी वरचं एकशे पन्नास. काम काय, पगार किती, विचारलं. सगळं खरं सांगितलं. "एवढ्यात राबवतात होय? मालक मूर्ख दिसतोय. नोकरी बदला." मी म्हणालो, लिहून द्या. त्यांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि मग वर बघितलं.

मी मास्क खाली केला. मग म्हणाले, शंभू, फी काउंटरला दे. (काउंटरला मीच असतो. मी मला सूट दिली.)

तुमचा,
प्रज्ञेश

ता. क. : सर्टिफिकेटवरचं नाव दुरुस्त करून देतो म्हणालेत, पण शनिवारपर्यंत माझ्या जागी माणूस दिला तरच.

ता. क. दोन : काम तसं हलकं आहे. माणसं प्रेमळ. सासूबाई चहा देतात. ऋषीला शुक्रवारच्या गाडीत बसवून द्या.

ता. क. तीन : त्याला फक्त ता. क. दोन वाचून दाखवा. आणि आजपासून घरात सगळ्यांनी त्याला शंभू म्हणायला लागा.