बिनकडीचं दार

किल्लारी, सोमवार, दिवेलागण

आज अखेर दाराला कडी बसवली. माझ्या हातची, एक सूतही इकडंतिकडं नाही. वेल्डिंग मी कुणाकडं शिकलो नाही, तरी अर्ध्या गावाची लोखंडी दारं माझी आहेत. फक्त आमच्याच दाराला कडी नव्हती. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बसवूच दिली नाही.

भूकंपात जुन्या घराची कडी आतून अडकली आणि माझी धाकटी बहीण आतच राहिली. तेव्हापासून अण्णा उघड्या दारात, उंबऱ्याला लागून बाज टाकून झोपायचे. आधी माझ्यासाठी, मग माझ्या पोरीसाठी, गौरीसाठी. तिची झोळीही बाजेशेजारीच. "लेकरू हाताला लागलं पाहिजे," म्हणायचे. थंडीतही तेच.

आता अण्णा गेले. सुनंदा म्हणते, तरणी पोर घरात, दार सताड उघडं ठेवून कसं चालेल? बायकोचं बरोबरच आहे. मग मला का गुदमरतंय?

मघाशी तिनं कडी लावून बघितली. मी उठून काढली.

"काय झालं हो?"

"उकडायलंय."

"पंखा चालू हाय की! कडी नको, तर टाका तुम्ही बाज दारात, मामंजींसारखी."

चेष्टेत म्हणाली. गौरीही हसली. मला हसू आलं नाही. जमीन हलली तर मी आधी पोरीकडं वळेन की बाहेर पळेन, हे खरंच मला माहीत नाही. अण्णांना स्वतःचं माहीत होतं; त्यांचा हात आधी लेकराकडंच गेला असता.

दारात बाज टाकायचा धीर मला झाला नाही. कडी मीच परत लावली.