दुलेवो म्हणजे मी काम करते

३ फेब्रुवारी, वडगाव रासाई

दुलेवो — मी काम करते! पाठ झालं. ग्रीसमधल्या पॉलिहाऊसच्या नोकरीची शेवटची मुलाखत सोमवारी, तीही ग्रीकमध्ये. आज जरबेरा तोडताना दिवसभर हेच घोकलं. सोबत तोडणारी शितल म्हणाली, "फुलांना बी ग्रीक यायला लागंल आता." येऊ दे की!

५ फेब्रुवारी

ऑनलाइन क्लासच्या अंजना मॅडमनी आज या क्रियापदाची कुंडलीच मांडली. जुन्या ग्रीकमध्ये अर्थ — गुलाम असणं, गुलाम म्हणून राबणं! दूलोस म्हणजे गुलाम, त्यावरून आलं. तीन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या पाट्यांवरही तो दूलोस सापडतो. त्याच्या आधी कुठला, यावर विद्वानांचं एकमत नाही. पुढं अर्थ चाकरीवर आला, मग नुसत्या कामावर. आज तिकडं डॉक्टरही 'दुलेवो'च म्हणतो. आणि 'मे दुलेविस?' म्हणजे 'माझी थट्टा करतोस का?' फारच आवडलं.

इतकं आवडलं की जेवताना आजोबांना सांगून बसले. झालं! आबांनी घास खाली ठेवला. जुनी गोष्ट: आमची माणसं बौद्ध झाली तरी गाव मेलेली गुरं ओढायला बोलवायचंच. विशीतल्या आबांनी नाही म्हटलं. गावानं त्यांचं दळण बंद केलं. ते दौंडला स्टेशनवर हमालीला गेले, पण गुरं ओढली नाहीत.

"ज्या कामाचं नावच गुलामी, तिथं माझी नात जायची न्हाई. बास."

आबांचं 'बास' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

६ फेब्रुवारी

बोलत नाहीत. मीही त्यांचीच नात.

७ फेब्रुवारी

सकाळी मीच विषय काढला. "आबा, तो अर्थ कधीच बदलला."

"कुणी बदलला?"

कसा बदलला ते मॅडमनी सांगितलं होतं, कुणी ते नाही. म्हटलं, "आपोआप, हळूहळू."

हसले. "आपलं बी आपोआप बदललं व्हय? कुणीतरी न्हाई म्हणलं असंल, पोरी."

राग आला. पण मी जाणार! फक्त त्यांनी हो म्हटल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही, हेही खरं.

९ फेब्रुवारी

व्हिडिओ कॉलवर मुलाखत झक्कास! मालकीणबाई माझ्या ग्रीकवर खूश. त्या कॉलवरून गेल्यावर एजंट म्हणाला, पोहोचल्या पोहोचल्या पासपोर्ट मालकीणबाईंकडं जमा करायचा, करार संपेपर्यंत. "सगळेच देतात मॅडम. फॉर्मॅलिटी हाय."

"मे दुलेविस?" तोंडातून निघूनच गेलं. मग मराठीत सांगितलं — पासपोर्ट माझ्याकडेच राहील.

"मग सीट दुसऱ्याला जाईल."

"द्या."

मागं कॉटवर आबा होते. मी मोरीत जाऊन रडले. पस्तावा नाही, पण वाईट वाटतंय. खूप.

११ फेब्रुवारी

आबा एकटेच दौंडला जाऊन आले. चाकांची मोठी निळी बॅग आणली.

"आबा, सीट गेली. तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं म्हणून तर आणली. दुसरी सीट बघ. जिला न्हाई म्हणता येतंय, तिला मी कुठंबी धाडीन."