जास्तीचा ओ

अण्णा,

आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही हे ठाऊक असताना तुम्ही तिला इंग्रजीत पत्र का लिहिलंत? तुम्ही गेल्यावर आता हे कुणाला विचारू? माढ्याला तिच्या माहेरी आलेलं प्रत्येक पत्र ओसरीवर मोठ्यानं वाचलं जाई, म्हणून असेल. किंवा ते मराठीत लिहायला तुमचाच हात धजला नसेल.

माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी आईनं ते पेटीतून काढलं. माझ्या जन्मानंतर ती माहेरी तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हाचं. एवढी वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं. चुलीपुढे बसून म्हणाली, "तुज्यासाठी ठेवलं हुतं. वाच आता." तीनच ओळी होत्या. शेवटची मी घाईनं, जशी लिहिली होती तशीच सांगितली : "मी तुला सैल सोडू शकत नाही."

भाकरी थापता थापता आई थांबली. "मी काय शेरडी हाय व्हय, दाव्याला बांदायला?" आणि पदराआड हसली.

मग माझ्या ध्यानात आलं. गमावण्याच्या 'लूझ'मध्ये एकच ओ, सैल सोडण्याच्या 'लूस'मध्ये दोन. तुमच्या ओळीत दोन होते. मॅट्रिकच्या वर्षी निबंधात मी हाच घोटाळा केला, तेव्हा गिरणीच्या कचेरीतून आल्या आल्या, टोपीही न काढता, तुम्ही मला ती जोडी पन्नास वेळा लिहायला लावलीत. "एक ओ जास्त पडला तर साहेब कागद तोंडावर फेकतो," म्हणालात. त्याच वर्षी माझी पहिली प्रेमकथा वाचून विचारलंत, "ही मूर्च्छा येणारी माणसं तू सोलापुरात कुठं बघितलीस?"

मी आईला खरा अर्थ सांगितला : तुला गमवायला मी तयार नाही. आता ती हसली नाही. "कुठला शबुद?" विचारलं, आणि मी दाखवला त्यावर पिठाचं बोट ठेवून बसली.

त्या ओळीवरून मी कथा लिहिली. त्यात चांदणं नाही, मूर्च्छा नाही. एक कारकून, दूरगावी आजारी बायको आणि चुकलेला शब्द. प्रेमाविषयी मला लिहिता येतं, असं पहिल्यांदा वाटलं. पुण्याच्या एका मासिकानं ती स्वीकारली. आपल्या घरातलं पहिलंच नाव छापून येणार होतं. मी आईला ती वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "लई चांगली हाय. पर ते मला लिवलेलं हाय की. समद्यांनी कशाला वाचायचं?"

लेखकानं सत्य लपवू नये, असं मी कॉलेजच्या वादविवादात ठासून सांगितलं होतं. आईपुढे ते तोंडातून निघेना.

काल आपल्या नवी पेठेतल्या पोस्टात जाऊन संपादकांना कार्ड टाकलं : कथा छापू नये, परत पाठवावी. अजून कच्ची आहे, असं कारण लिहिलं. ते खोटं आहे, अण्णा. याहून चांगली कथा माझ्याच्यानं होईल, असं आज तरी मला वाटत नाही.